धुरीनंतरचा ताप

प्रतिमाने बेडूक चिरले होते, झुरळाची मज्जारज्जू न तोडता सोडवून दाखवली होती, आणि सांगलीच्या कॉलेजात एकदा पैजेखातर एका जळूला स्वतःच्या मनगटावर जेवू घातलं होतं. प्राणिशास्त्राची पदवी तिने पहिल्या वर्गात मिळवली होती. अशा बाईला टोचण्याची भीती वाटते असं कोणी म्हटलं असतं, तर ती खो खो हसली असती. आणि खरंच, स्वतःच्या दंडाची तिला काही पर्वा नव्हती. प्रश्न चारूच्या दंडाचा होता. चारू सात महिन्यांची, आणि तिचा दंड म्हणजे वळ्या पडलेला लोण्याचा गोळा.

साल १९६३. त्या दंडावर देवी टोचायच्या राहिल्या होत्या.

चामराजपेठेतल्या ज्या घरात प्रतिमा आणि तिचा नवरा पद्माकर वरच्या मजल्यावर भाड्याने राहत, तिथे तळमजल्यावर आणखी एक कोरा दंड होता. तो सयाजीचा. सयाजी हा घरमालकीण रत्नाबाईंचा नातू, चारूहून थोडा मोठा आणि जवळजवळ दुप्पट जाड. त्याची आई शाळेत शिकवायला जाई आणि "आत्याबाई म्हणतील ते" एवढं म्हणून, सासूकडे बोट दाखवून बाळाच्या सगळ्या प्रश्नांतून मोकळी होई. रत्नाबाईंचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले होते. पद्माकर आला होता पुण्याहून, के. आर. पुरमजवळच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून. भाषा दोन्हीकडे मराठीच, पण रत्नाबाईंच्या मराठीत तीनशे वर्षांची कानडी मुरलेली होती, आणि पद्माकरच्या मराठीत चार वर्षांचं इंजिनियरिंग.

दोन्ही बाळांना न्हाऊ घालायचं काम रत्नाबाईंकडे होतं. हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं, प्रतिमाने दिलेलंही नव्हतं. चारूला बारशानंतर पहिल्यांदा बादलीत बसवून न्हाऊ घालताना त्यांनी प्रतिमाला पाहिलं आणि "अय्यो, भांडं धुतीस का पोर?" म्हणून बाळ उचलून घेतलं, ते घेतलंच. त्यानंतर मात्र दोघींत बरीच घासाघीस झाली. काजळ डोळ्यांत घालायचं नाही असं प्रतिमा म्हणाली. घातलं नाही तर दृष्ट लागेल असं रत्नाबाई म्हणाल्या. शेवटी काजळ तळपायावर गेलं. बाळाला प्यायचं पाणी उकळून द्यायचं, हे रत्नाबाईंनी मान्य केलं, त्याच्या बदल्यात न्हाणं झाल्यावर धुरी द्यायची हे प्रतिमाने मान्य केलं. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि ऊद टाकायचा, वर टोपली पालथी घालायची आणि बाळाला त्या उबेत शेकून दुपट्यात आवळून गुंडाळायचं. धुराने बाळाच्या फुफ्फुसांचं काय होत असेल, हा विचार प्रतिमाच्या डोक्यातून जाईना. म्हणून तिने दुसरं कलम जोडलं होतं. ऊब चालेल, पण धूर बाळाच्या तोंडाकडे येता कामा नये. रत्नाबाई टोपलीचं तोंड तेवढं फिरवून घेत आणि म्हणत, "सरी, बरं, तुझ्या शास्त्रासाठी."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या गल्लीतल्या एका मुलीला देवी आल्या.

तिला साथीच्या इस्पितळात हलवलं. तिचं घर धुवून काढलं. दोन दिवस गल्लीत कोणी मोठ्याने बोललं नाही. आणि कॉर्पोरेशनचा देवी टोचणारा माणूस दर गुरुवारी सकाळी पेठेत येऊ लागला. नागनाथ त्याचं नाव. उंच, वाळका, मिशा खाली ओघळलेल्या. रत्नाबाईंच्या घराच्या ओट्यावर तो आपली पेटी आणि बर्फाचा थर्मास मांडून बसे.

पहिल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी प्रतिमाने रत्नाबाईंना स्वयंपाकघरात गाठून चांगलं तासभर समजावलं. गाईच्या देवीपासून सुरुवात केली. शरीर ओळख कशी ठेवतं, खोट्या शत्रूशी लढून खऱ्याची तयारी कशी करतं, सगळं सांगितलं. रत्नाबाई अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवींचे व्रण होते, गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर, रव्यासारखे.

"आक्का, तुम्हाला तर माहीतच आहे," प्रतिमा शेवटी म्हणाली.

"मला न्हाय माहिती तर कुणाला?" रत्नाबाई म्हणाल्या. "देवी अम्मा माझ्या तोंडावर राहून गेली. माझ्या भनीला संगं घेऊन गेली. मी टोचू नको म्हणते का? माझ्या थोरल्याला टोचलं तवा हात असा सुजला होता, भोपळ्यागत. आठ दिस मी उभी होते. म्हणून भ्या वाटतं, इतकंच." त्यांनी एक शेंग उचलून प्रतिमाकडे रोखली. "तू शिकलेली. तू पैला तुझ्या पोरीला टोच. ती बरी राहिली की दुसऱ्या घटकेला माझा सयाजी."

"उद्याच!" प्रतिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या कठड्याला टेकून नागनाथचं काम पाहत उभी राहिली. समोरच्या घरातलं बाळ पहिलं होतं. नागनाथने एक दांडी काढली. तिच्या टोकाला लहानशी चकती, आणि चकतीला बारीक दाते. त्याने दंडावर थेंब ठेवला, चकती टेकवली आणि घड्याळाला किल्ली द्यावी तशी फिरवली. बाळाने आधी आश्चर्याने पाहिलं, मग जे तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मग दुसरा थेंब, दुसरी किल्ली.

प्रतिमा वर गेली. चारू नुकतीच न्हाऊन, शेकून, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलेली होती. नुसते डोळे आणि नाक बाहेर. प्रतिमाने तिच्या कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर काढून दुपट्यातून काखेत सरकवला. पारा शंभराच्या वर होता.

"आज नको," तिने खाली येऊन नागनाथला सांगितलं. "तापात टोचू नये ना?"

"टोचू नये," नागनाथ कानडीत म्हणाला आणि पुढच्या बाळाकडे वळला. ओट्यावर सयाजीला मांडीवर घेऊन बसलेल्या रत्नाबाई उठल्या आणि आत गेल्या.

दुपारी चारू पाळण्यात पाय झाडत होती, ताप नव्हता. उतरला असेल, प्रतिमाने मनाशी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी तिने आधी नागनाथच्या थर्मासचं झाकण उघडून बर्फ पाहिला. बर्फ होता. मग वर जाऊन थर्मामीटर लावला. पारा शंभराच्या वर होता.

संध्याकाळी पद्माकर कारखान्याच्या बसमधून उतरला तो हसतच जिना चढला. खाली रत्नाबाईंनी त्याला बातमी दिली होती.

"काय, आज परत आला म्हणे गुरुवारचा ताप?"

"गुरुवारचा म्हणजे काय?"

"अगं, शुक्रवार ते बुधवार पोरगी ठणठणीत असते. गुरुवार उजाडला की चढतो. दत्ताची भक्त दिसतेय."

"थर्मामीटर खोटं बोलतो का?" प्रतिमा म्हणाली. "इन्स्ट्रुमेंटवर तुमचा विश्वास नाही? तुम्ही आणि इंजिनियर!"

"इन्स्ट्रुमेंटवर आहे. इन्स्पेक्टरवर जरा शंका आहे."

"मग पुढच्या गुरुवारी तुम्ही घ्या रजा. तुम्ही धरा तिला मांडीवर."

पद्माकरने घाईघाईने बूट काढायला घेतले. "गुरुवारी नेमकी दिल्लीची माणसं येतायत तपासणीला," तो बुटांकडे पाहत म्हणाला.

"बरोबर गुरुवारी," प्रतिमा म्हणाली. "तीही दत्ताची भक्त असतील."

हसणं हसण्याच्या जागी होतं, पण त्या आठवड्यात मागच्या गल्लीच्याही पलीकडे आणखी एका घराच्या दारावर देवी आल्याची खूण म्हणून कडुनिंब लागला. प्रतिमा चारूला कडेवर घेऊन बाजारात जाईनाशी झाली. कोणी पाहुणा बाळाला घ्यायला हात पुढे करी, तर ती मागे सरे. देवींबद्दलचं आपलं ज्ञान तिला आता नकोसं झालं होतं. गर्दीत जंतू कसे पसरतात याची आकृती ती डोळे मिटून काढू शकत असे, आणि डोळे मिटले की तीच दिसे. तरी गुरुवारी सकाळी ती चकती आठवली की दुसरंच काही वाटे. दोन्ही भीती एकाच बाईत राहत होत्या, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी नागनाथने ओट्यावर बसतानाच सांगून टाकलं, "आज इथला शेवटचा दिवस. पुढच्या गुरुवारपासून दुसरी पेठ. परत येईन ते उगादीनंतर."

उगादीला, म्हणजे पाडव्याला, अजून महिना होता.

प्रतिमाने हे जिन्यात उभी राहून ऐकलं. न्हाणीघराकडून धुरीचा वास येत होता. थोड्या वेळाने रत्नाबाईंनी चारूला आणून दिलं, गाठोड्यासारखी आवळलेली, गाल लालबुंद, झोपेला आलेली. प्रतिमाने तिला पाळण्यात ठेवलं. थर्मामीटर झटकला, काखेत सरकवला. बाळ गुंडाळलेलं असतानाच हे जमतं, एरवी चारू काचेची काडी ओढून घेते, म्हणून ही वेळ तिने मुद्दाम ठरवली होती. शास्त्रशुद्ध पद्धत होती ती.

पारा शंभराच्या वर गेला. आणि प्रतिमाला हायसं वाटलं.

हायसं वाटलेलं तिला कळलंही. मुलीला ताप आहे हे पाहून आपल्याला हलकं का वाटावं, असा एक प्रश्न डोक्यात येऊ लागला होता, तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. रत्नाबाई वर येत होत्या. त्यांच्या कडेवर सयाजीचं गाठोडं होतं. तेही आवळलेलं, लालबुंद आणि घामेजलेलं.

"प्रतिमा, तुझी ती काचेची काडी दे गं स्वल्प."

"का? सयाजीला काय झालं?"

"अंग कोमट लागतंय," रत्नाबाई म्हणाल्या. अगदी प्रतिमाच्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या पोरीला दर गुरुवारी लावतीस, माझ्या नातवाला एक दिस लाव."

प्रतिमाने थर्मामीटर पुसला, झटकला आणि सयाजीच्या काखेत सरकवला. रत्नाबाई शेजारी बसून गाठोड्याकडे अशा बघत होत्या, जणू दूध उतू जायची वाट बघताहेत. काढून पाहिला. शंभराच्या वर. चारूपेक्षा जरासा जास्तच.

"बघ!" रत्नाबाईंनी मांडीवर थाप मारली. "ताप! खाली त्या टोचणाऱ्या अप्पाला सांगते, आज बेडा, नको म्हणून. तापात टोचू नये. तुझंच शास्त्र."

"अहो आक्का, हा कसला ताप!" प्रतिमा ताडकन म्हणाली. पदवी मिळाल्यापासून इतक्या ठामपणे ती बोलली नव्हती. "आत्ता कढत पाण्याने न्हाऊ घातलंत. निखाऱ्यावर शेकलंत. वर दुपट्यात असं करकचून आवळलंत. अंग तापणार नाही तर काय होईल? दगड ठेवला असतात तरी पारा चढला असता! ही मोजायची वेळच नव्हे. सोडा त्याला, अर्धा तास मोकळा ठेवा, आणि मग मोजा. शाळेतल्या पोरालासुद्धा..."

इथे ती थांबली.

रत्नाबाईंनी सयाजीला सावकाश दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग पाळण्याकडे बघितलं, पाळण्यातल्या गाठोड्याकडे, आणि मग प्रतिमाकडे. व्रणांच्या त्या चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागे, पण एकदा उमटलं की सगळीकडे पसरे.

"आणि तुझ्या पोरीला मी थंड पाण्यानं न्हाऊ घालते का गं?"

प्रतिमाचे कान तापले. त्यांना थर्मामीटर लावला असता तर तोही चढला असता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला काय ठावं असणार? मी अडाणी. मला इतकंच वाटलं, काडीला ताप दिसतो तर आपल्याबी पोराला दावू. तू म्हणलीस नको, तर माझीबी सुटका." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगू? मला वाटत होतं तू म्हणशील, ताप हाय. म्हणली असतीस तर मी खाली जाऊन झोपले असते."

खालून नागनाथची हाक आली. वरच्या आणि खालच्या दोन्ही बाळांचं आज तरी काय ते सांगा.

"थांबायला सांगा," प्रतिमा म्हणाली. "अर्धा तास."

"थांबेल. मी कॉफी देते त्याला. लोटा भरून."

प्रतिमाने चारूचं दुपटं सोडलं. हात मोकळे होताच चारूने पहिली गोष्ट केली ती म्हणजे थर्मामीटरच्या डबीवर झडप घातली. शेजारी सतरंजीवर सयाजीला पालथा टाकला. दोघांनी एकमेकांचे पाय तपासले. प्रतिमा घड्याळ बघत बसली. प्रयोगशाळेत बसायची तशीच, फक्त तिथे तळहाताला घाम येत नसे. अर्ध्या तासाने तिने दोघांनाही थर्मामीटर लावला. चारूला लावताना दोन्ही हात धरावे लागले. पारा दोघांचा जिथे असावा तिथे होता.

आता कुठलंच शास्त्र उरलं नव्हतं.

ओट्यावर नागनाथने लोटा खाली ठेवला आणि मिशा पुसल्या. "या गल्लीत," तो म्हणाला, "दर गुरुवारी लई ताप असतो. मी रिपोर्ट करणार होतो, नवीन साथ म्हणून."

"पैला कोण?" रत्नाबाईंनी विचारलं, आणि उगाचच पदर सारखा केला.

"चारू," प्रतिमा म्हणाली. "आपलं ठरलंय तसं."

ती खाली बसली. चारूला मांडीवर घेतलं, नागनाथने सांगितलं तसं कोपराला घट्ट धरलं. तोंड फिरवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. थेंब ठेवला. चकती टेकली. प्रतिमाने पाहिलं. कातडीवर बारीक लाल ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं, कुंकवाच्या टिकलीएवढं. एवढंच होतं ते. जिन्यावरून पाहताना ते केवढं मोठं दिसलं होतं!

चारूने मात्र तसं मानलं नाही. ती अशी किंचाळली की समोरच्या छपरावरचे कावळे उडाले. दुसऱ्या वर्तुळाला तिने नागनाथची मिशी धरली. ती सोडवून घेईपर्यंत रडायचं कशासाठी हे ती विसरली, आणि थर्मासच्या चकचकीत झाकणाकडे हात करू लागली.

सयाजीच्या वेळी रत्नाबाईंनी डोळे गच्च मिटले आणि "अण्णम्मा, अण्णम्मा" असा देवीचा धावा सुरू केला. कोपर प्रतिमाने धरलं. सयाजी टोचताना अजिबात रडला नाही. सगळं आटोपल्यावर झाकण चारूच्या हातात आहे हे बघून रडला.

ठरल्या दिवशी दोघांच्या दंडांवर फोड आले, फुगले, भोवती लाली पसरली. मग तापही आला. हा खरा होता, अर्धा तास थांबून मोजला तरी तेवढाच भरला. प्रतिमाला पुस्तकातलं सगळं पाठ होतं, तरी ती सारखी खाली धावे आणि रत्नाबाई सारख्या वर येत. जिन्यात दोघींची गाठ पडे. रत्नाबाईंना फोडांवर हळद लावायची होती. प्रतिमाने साफ नकार दिला, फोडाला काही म्हणजे काही लावायचं नाही, नखंसुद्धा लागू द्यायची नाहीत. मग हळद उंबऱ्यावर गेली, दोन्ही दारांना कडुनिंब लागला, आणि घरात फोडणी बंद झाली, कारण देवी पाहुणी म्हणून घरी आली होती. फोडणी नसलेली आमटी पद्माकरने तीन वेळा निमूटपणे खाल्ली, आणि चौथ्या वेळी विचारलं की पाहुणी जाणार कधी.

"खपल्या पडल्या की," दोघी एकदमच म्हणाल्या.

खपल्या पडल्या. चारूच्या दंडावर दोन वाटोळे ठसे राहिले. प्रतिमा न्हाणं झालं की त्यांवरून बोट फिरवी, आणि मग कोणी पाहत नाही ना हे बघे.

उगादीनंतर नागनाथ पेठेत परत आला, तेव्हा ओट्यावर त्याच्या आधीच रत्नाबाई बसलेल्या होत्या. प्रतिमाचा थर्मामीटर त्यांच्याकडे होता. उसना म्हणून नेला होता आणि परत करायची भाषा नव्हती. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रतिमाने काचेवर एका जागी लाल दोरा बांधून दिला होता. पारा दोऱ्याच्या वर गेला तर टोचायचं नाही. बाळं घेऊन आलेल्या बायकांना त्या एकेक करून खडसावत होत्या.

"ताप हाय म्हणतीस? न्हाऊ कधी घातलंस? आत्ता? बस तिथं. सोड ते दुपटं. मला शिकवू नको, ह्या घरात शास्त्र शिकलेली बाई हाय."

शास्त्र शिकलेली बाई जिन्यात चारूला घेऊन उभी होती, आणि नजर चुकवत होती.

नागनाथला या वेळी मोठ्यांनाही टोचायचं होतं. रत्नाबाईंनी मान वर करून पाहिलं. पद्माकर त्या दिवशी नेमका घरी होता, आणि चपला घालून, भिंतीच्या कडेकडेने, फाटकाकडे निघाला होता.

"अण्णा!" रत्नाबाईंनी हाक मारली. "दंड दावा."

"आज नको आक्का," पद्माकर म्हणाला. "मला सकाळपासून जरा कणकण वाटतेय."

रत्नाबाईंनी थर्मामीटर झटकला. प्रतिमाने वरून विचारलं, "अंघोळ होऊन किती वेळ झाला?"